मंडालेच्या टूरवर लोकमान्यांचं नाव कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत मंडालेवरचा लेख वाचला. आधी एक साधी चूक सांगते, मग मुद्द्यावर येते. लेखातल्या मोठ्या फोटोखाली 'लोकमान्यांना ठेवलेली कोठडी' असं छापलंय, पण ती कोठडी नाहीये. तो राजवाड्याच्या आवारातला टेहळणीचा बुरूज आहे, लाल, गोल, बाहेरून गोल फिरत वर जाणारा जिना असलेला. मला माहितीये कारण त्याच जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर उभे राहिलेले आमचे हे, हातात पाण्याची बाटली, डोक्यावर माझी ओढणी, असा फोटो आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावलेला आहे. २०१८ च्या डिसेंबरचा.

म्हणजे मी स्वतः जाऊन आलेली बाई आहे, तेव्हा मी काही सोवळ्यात बसून बोलत नाही हे आधीच कबूल करते. आता आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावरच्या बाराजणांनी तुमच्या लेखाखाली 'लोकमान्यांच्या पाऊलखुणांवर' म्हणून जाहिरात होती त्याच मंडाले-बगान टूरचं बुकिंग केलंय, मीही केलं होतं, अ‍ॅडव्हान्ससुद्धा भरला होता, आणि लेख वाचून झाल्यावर सोमवारी सकाळी नाव काढून घेतलं. अ‍ॅडव्हान्स परत मिळणार नाही म्हणाले. जाऊ दे. कट्ट्यावर मात्र त्यावरून जे काय झालं ते झालं, आणि म्हणून हे पत्र, कारण तिथे मला धड बोलूच दिलं नाही कुणी.

मी रत्नागिरीची. पोस्टातून रिटायर झाले. आमच्याकडे ब्रह्मदेश (आताचा म्यानमार) म्हणजे लांबचा देश कधी वाटलाच नाही, कारण त्यांचा शेवटचा राजा थिबा आमचा. लहानपणी शाळेची सहल म्हणजे थिबा पॅलेस. इंग्रजांनी त्याला मंडालेहून उचलून १८८६ साली इथे आणून ठेवला, ३० वर्षं तो इथेच राहिला आणि १९१६ ला इथेच गेला, थडगंही इथेच आहे, त्याच्या थोरल्या मुलीची मुलगी तर आमच्यातच मराठी बोलत म्हातारी झाली. २०१२ मध्ये त्यांचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन त्या थडग्याला फुलं वाहायला आले होते तेव्हा इथले रस्ते एका रात्रीत गुळगुळीत झाले, ते वेगळं. आणि दुसरीकडे टिळक आळीत जन्मलेला आमचा माणूस १९०८ ते १९१४ मंडालेला, थिबाच्याच त्या किल्ल्याच्या तटबंदीच्या आतल्या जेलमध्ये. म्हणजे सहा वर्षं असं चाललं होतं की त्यांचा राजा आमच्या गावात कैदी आणि आमच्या गावचा लोकमान्य त्यांच्या राजाच्या किल्ल्यात कैदी. हे डोक्यात ठेवूनच आम्ही गेलो होतो, मी तर पिशवीत गीतारहस्य घेऊन गेले होते, तिथे बसून दोन पानं वाचायची म्हणून.

वाचली नाहीत, कारण बसायला जागाच नाही. तुमच्या लेखात 'लोकमान्यांच्या स्मृतींनी भारलेला परिसर' असं लिहिलंय तो परिसर म्हणजे काय ते सांगते. प्रत्येक बाजूला दोन-दोन किलोमीटरचा तट, बाहेरून पाण्याचा रुंद खंदक, आणि आत लष्कराची छावणी. परदेशी माणसाला फक्त पूर्वेच्या दरवाजातून सोडायचे, तेव्हा माणशी १० हजार क्याटचं (क्याट म्हणजे तिथलं चलन) तिकीट होतं, तेच तिकीट बाकीच्या पॅगोड्यांनाही चालायचं. दरवाजापासून मधल्या राजवाड्यापर्यंत एक सरळ रस्ता, त्या रस्त्यावरून डावीउजवीकडे पाय टाकायचा नाही, परदेशी लोकांना पुढे मनाई अशा पाट्या. आमचा गाईड पंचविशीच्या आतला पोरगा, हिंदी सिनेमे बघून हिंदी शिकलेला, मला 'आंटीजी' म्हणायचा. मी त्याला विचारलं टिळकांचं जेल कुठे होतं रे, तर त्याने झाडीकडे हात केला, म्हणाला 'उधर कहीं', आणि हात लगेच खाली घेतला. राजवाडासुद्धा खरा नव्हे, खरा सागवानी होता तो १९४५ च्या लढाईत जळला, हा नव्वदच्या दशकात लष्करी सरकारने पुन्हा बांधलेला, पत्रे आणि काँक्रीट. आणि दरवाजाजवळ हा मोठ्ठा लाल बोर्ड, बर्मी आणि इंग्रजीत, त्याचा अर्थ साधारण असा की लष्कर आणि जनता मिळून देशाचं वाईट करणाऱ्या सगळ्यांना चिरडून टाकू. आम्ही त्या बोर्डासमोर ग्रुप फोटो काढला. हसत. आमच्यातल्या एकांनी तर 'असं पाहिजे आपल्याकडे' असंही म्हटलं.

तो खंदक किती स्वच्छ, सकाळी लोक कडेने फिरायला येतात, कमळं वगैरे, हे तुमच्या लेखातही आहे. तेव्हा मलाही वाटलं होतं की बघा, नाहीतर आमची गटारं. परत आल्यावर कळलं की १९९६ हे वर्ष त्या सरकारने 'व्हिजिट म्यानमार' म्हणून जाहीर केलं होतं आणि त्याच्या आधी एकदोन वर्षं हा खंदक उपसायला बेड्या घातलेले कैदी आणि घराघरातून बोलावलेली माणसं लावली होती, फुकट. बगानला जुन्या देवळांच्या मधे राहणारं अख्खं गाव १९९० मध्ये उठवून लांब नेऊन टाकलं, आता तिथे नवं बगान म्हणतात त्याला, आम्ही तिथल्याच हॉटेलात उतरलो होतो, पोहण्याचा तलाव होता. तिथल्या लोकशाहीवाल्यांच्या नेत्या ऑंग सान सू चीनी तेव्हा नजरकैदेतून बाहेर आल्यावर जगाला स्पष्ट सांगितलं होतं की आत्ता येऊ नका, थांबा. हा माझ्यासाठी मोठा मुद्दा आहे, कारण हे कुणी लंडनमध्ये बसून ठरवलेलं नव्हतं, ज्यांनी १९९० ची निवडणूक जिंकली आणि ज्यांना सत्ता दिलीच नाही ते लोक स्वतः म्हणत होते. पुढे २०११ मध्ये त्यांच्याच पक्षाने ते सैल केलं, म्हणाले एकएकटे या, साध्या माणसांकडे राहा, त्यांच्याकडून विकत घ्या, पण मोठमोठ्या पॅकेज टूर नकोत. पॅकेज टूर नकोत! आणि आम्ही बत्तीस लोक दोन बसमधून. बरोबर महाराजसुद्धा नेला होता, पोहे आणि पिठलं करायला, म्हणजे तिथल्या खानावळीलासुद्धा आमचा एक क्याट लागला नाही.

आता मी गेले तेव्हा तर सू चीचंच सरकार होतं, मग काय बिघडलं असं वाटेल. त्याच्या आदल्या वर्षी तिथल्या राखाईन प्रांतातून सात लाखांवर रोहिंग्या मुसलमान बांगलादेशात पळून गेले होते. आणि राखाईनमधल्याच एका गावात दहा रोहिंग्या माणसं मारून पुरली त्याची बातमी काढणारे दोन बातमीदार मी यांगोनला (म्हणजे पूर्वीच्या रंगूनला) होते तेव्हा तिथल्याच जेलमध्ये होते, सात वर्षांची शिक्षा लागली होती, कायदा कुठला तर १९२३ चा इंग्रजांचा सरकारी गुपितांचा. मी त्या दिवशी श्वेडागोन पॅगोड्यात चार तास होते. हे मला माहीतच नव्हतं असं म्हणून सुटता येतं का ते मला अजून ठरवता आलेलं नाही, पेपर तर मी तेव्हाही रोज वाचायचेच.

आणि कायद्यावरून आठवलं, खरं तर हेच सांगायला पत्र लिहायला घेतलं आणि बाकीचंच वाढत गेलं. टिळकांना शिक्षा कशाबद्दल झाली? बॉम्ब टाकला म्हणून नाही. 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे केसरीतले अग्रलेख, त्याबद्दल. कलम १२४-अ. ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थानच्याच कारभारात असल्यामुळे आपलंच १८६० चं दंडविधान तिथे लागू होतं, आणि ते आजही तिथे आहे, नंबरासकट. २०२१ च्या १ फेब्रुवारीला लष्कराने सत्ता घेतली आणि दोन आठवड्यांच्या आत पहिलं काम काय केलं तर त्याच १२४-अ मध्ये सरकारच्या जोडीला लष्कराचंही नाव घातलं आणि ५०५-अ म्हणून एक नवं कलम जोडलं, लष्करी राजवटीबद्दल भीती पसरवणारं किंवा 'खोटं' काही बोललं-लिहिलं तर तीन वर्षं. बातमीदार, कवी, डॉक्टर, मास्तर, फेसबुकवर काहीतरी शेअर केलेली पोरं, सगळे त्यात. राजकीय कैद्यांची मोजदाद ठेवणाऱ्या त्यांच्याच संघटनेच्या हिशोबात आत असलेल्यांचा आकडा २० हजारांच्या वर गेला. मंडालेतच आजही जेल आहे, ओबो म्हणतात त्याला. मंडाले प्रांताचे निवडून आलेले मुख्यमंत्री डॉ. झॉ मिंट मॉंग यांना सत्ता घेतली त्या दिवशीच पकडलं, रक्ताचा कॅन्सर झालेला माणूस, अगदी शेवटच्या घटकेला सुटका केली आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ते गेले. टिळक मंडालेला असताना १९१२ मध्ये सत्यभामाबाई इकडे पुण्याला गेल्या हे वाचताना आपल्या डोळ्यात पाणी येतं ना? मग?

म्हणजे आपण १२४-अ खाली जेलमध्ये गेलेल्या संपादकाला नमस्कार करायला जाणार, त्याच गावात आत्ता त्याच कलमाखाली बसलेल्या माणसांच्या भिंतीवरून बस नेणार, आणि गाईडला विचारणार लंच कधी.

कट्ट्यावर मला विचारलं, मग दुबईला कशी गेलीस, चीनला गेलेले चालतात, व्हिएतनाम आवडलं म्हणून स्टेटस ठेवलंस तिथे काय लोकशाही ऊतू चाललीये का. बरोबर आहे. उत्तर नाहीये माझ्याकडे सरळ. सगळे देश चाळणीतून गाळायचे म्हटले तर माथेरानलाच जावं लागेल, आणि तिथेही घोडेवाल्यांशी भांडण. शिवाय आणीबाणीत आपल्याकडे गोरे पाहुणे येत नव्हते का, ताजमहाल बघत नव्हते का? येतच होते. माझे मामा तेव्हा मिसाखाली आत होते, १९ महिने. मामी काय म्हणायची ते मला पक्कं आठवतंय, घरी पैसे नव्हते, दोन पोरं, पण तिला सगळ्यात जास्त राग कशाचा यायचा तर कुणीतरी येऊन 'काही म्हणा वहिनी, गाड्या वेळेवर धावतायत हो' म्हणायचं त्याचा. मदत नाही केली तरी चालेल पण गाड्यांचं सांगू नका, असं म्हणाली होती एकदा शेजारच्या मास्तरांना तोंडावर.

तुमच्या लेखात तेच आहे. 'लोक हसतमुख, सगळीकडे शांतता, बातम्यांमध्ये दाखवतात तसं काहीही नाही.' माझी तक्रार या एका वाक्याबद्दल आहे. पैशाचं बघू, ते पण सांगते, पण हे वाक्य म्हणजे त्या सरकारला हवं असलेलं सर्टिफिकेट आहे आणि ते आपण आपल्या खर्चाने जाऊन, वर लोकमान्यांचा शिक्का मारून देऊन येतो. शांतता असणारच की, तुमची बस जिथे नेतात तिथे. इरावती नदी ओलांडली की पलीकडे सगाईंग प्रांत, त्यातल्या पाझीजी गावात ११ एप्रिल २०२३ ला लष्कराच्या विरोधातल्या लोकांच्या ऑफिसच्या उद्घाटनाला जमलेल्यांवर लष्कराने विमानातून बॉम्ब टाकले, दीडशेच्या वर माणसं गेली, लहान पोरं धरून. २८ मार्च २०२५ ला ७.७ चा भूकंप झाला, मंडाले-सगाईंगच्या मधला तो जुना आव्याचा पूल नदीत कोसळला, आपल्या लष्कराने जाऊन मंडालेत हॉस्पिटल उघडलं, आणि अशा दिवसांतही तिथल्या लष्कराचे हवाई हल्ले चालूच होते. याच देशाच्या थायलंडकडच्या हद्दीवर ते सायबर फ्रॉडचे अड्डे, नोकरीच्या नावाने नेऊन कोंडलेली आपल्याकडची पोरं विमानं पाठवून आणावी लागली. तुमच्याच पेपरात पहिल्या पानावर हे सगळं आलेलं आहे. पुरवणीवाल्यांना पहिलं पान मिळत नाही का?

पैशाचं. व्हिसाचे ५० डॉलर थेट सरकारला. पूर्वी तर एअरपोर्टवर उतरल्या उतरल्या २०० डॉलर सरकारी कुपनांमध्ये बदलून घ्यायलाच लागायचे, ते बंद झालं. पण २०२२ ला त्यांच्या मध्यवर्ती बँकेने फर्मान काढलं की देशात आलेले डॉलर सरकारी रेटने बदलायचे, सरकारी रेट डॉलरला २१०० क्याट आणि बाजारात पुढे पुढे जवळपास दुप्पट, मधला फरक कुणाच्या घशात ते सांगायला नको. तिकिटं सरकारची, गाईडचं लायसन्स सरकारचं. तरी मी असं म्हणणार नाही की गरिबाला काहीच मिळत नाही. मिळतं. मंडालेतल्या महामुनी बुद्धाच्या देवळाबाहेर (तिथे मूर्तीला सोन्याचा वर्ख फक्त पुरुषांनी लावायचा, बायकांनी लांब बसून बघायचं, पूर्वीचं शनिशिंगणापूर आठवलं मला) थनाकाची खोडं विकायला एक बाई बसायची, ते उगाळून गालाला लावतात त्या सगळ्या. ती आमच्या गाईडची आई. मी तिच्याकडून तीन खोडं घेतली, अजून एक आहे घरी, चंदनासारखंच पण वास वेगळा. तिने माझ्या गालावर गोल काढून दिला आणि खूप हसली.

तो पोरगा नंतर मेसेज करायचा. दिवाळीला हॅपी दिवाळी आंटीजी. २०२१ नंतर कमी झालं. विचारलं की फक्त अंगठा पाठवायचा. लायसन्स जाईल म्हणून लिहीत नव्हता हे मला बरंच उशिरा समजलं. २०२४ च्या फेब्रुवारीत तिकडे १८ ते ३५ च्या पुरुषांना सैन्यात सक्तीने भरतीचा कायदा लागू केला, त्यानंतर दोन महिने काहीच नाही, आणि मग एकदम थायलंडच्या नंबरवरून. शिवणकामाच्या कारखान्यात आहे. तेव्हा मी त्याला सरळ विचारलं होतं, आमच्यासारख्यांनी यावं का रे तुमच्याकडे? त्याने लिहिलं, आईला वाटतं यावं, सीझनला गिऱ्हाईकच नाही. भावाला वाटतं येऊ नये. भाऊ कुठे आहे ते तो सांगत नाही, मी विचारत नाही. तुला काय वाटतं म्हटलं तर दोन दिवसांनी उत्तर आलं, कारखान्यात रविवारीपण काम असतं.

त्यामुळे माझं म्हणणं जाऊच नका असं नाही, आईचंही खरं आणि भावाचंही. इगतपुरीला शिबिरं केलेले बरेच लोक गोएंका गुरुजींच्या जन्मगावी म्हणून मंडालेला जातात, बाबासाहेब १९५४ साली बौद्ध परिषदेला रंगूनला गेले होते म्हणून जाणारे आहेत, त्यांना मी कोण सांगणार. एकट्यादुकट्याने जा, बाजारात जेवा, थनाका घ्या, आणि परत येऊन जे दिसलं तेवढंच सांगा, जे दाखवलं नाही ते 'नाहीचे' असं सांगू नका. पण 'लोकमान्यांच्या पाऊलखुणांवर, सात दिवस सहा रात्री, शुद्ध शाकाहारी' हे नको. त्यांचं नाव जाहिरातीतून काढा, नुसतं मंडाले-बगान लिहा, मग ज्याला जायचं तो जाईल, मी भांडायला येणार नाही. आणि संपादकसाहेब, अग्रलेख लिहिला म्हणून सहा वर्षं मंडालेला गेलेल्या संपादकाच्या नावाची टूर एका पेपरात छापून येते आणि त्या लेखात आत्ता म्यानमारमधल्या पेपरांचं काय झालं याची एक ओळ नाही, ही गोष्ट तुमच्या ऑफिसात कुणालाच टोचली नाही? मला पोस्टातल्या बाईला टोचली.

कोठडीची चूक तेवढी दुरुस्त करून छापा. पुरावा म्हणून बुरुजाचा माझा फोटो पाठवा असं तुमच्या ऑफिसातून फोनवर सांगितलं, पण पाठवत नाही. त्यात ह्यांच्या शेजारी तो पोरगा उभा आहे, चेहरा स्पष्ट आलाय, आणि त्याची आई अजून मंडालेतच आहे.

आपली,
एक जुनी वाचक, रत्नागिरी